कमी बजेटमध्ये डिझायनर लग्नपोशाख: सांगलीत बस्ता बांधण्याआधी

बस्त्याचा खर्च नवरीच्या कपड्यांमुळे वाढतो, असा घरोघरी समज आहे. यादी समोर घेऊन एकदा बेरीज करून बघा. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, ड्रेसपीस, करवल्यांचे कपडे यांनी शालूला केव्हाच मागे टाकलेलं असतं. सहाशेची साडी आणि पन्नास बायका, झाले ३०,००० रुपये. त्यातल्या कितीतरी साड्या घडी न मोडता पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला दिल्या जाणार, हे देणारीलाही माहीत असतं आणि घेणारीलाही. तरी यादीला कात्री लावायची वेळ आली की नजर पहिली नवरीच्या लेहंग्याकडे जाते.

मी सांगलीत घरीच शिलाईकाम करते. मुली माझ्याकडे कपडा घेऊन येतात तोवर महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात. रंग ठरलेला, पैसे दिलेले, बदलून मिळणार नाही असं दुकानदाराने सांगितलेलं. म्हणून हे सगळं बस्त्याच्या आधी वाचायचं आहे.

यादी आधी, दुकान नंतर

एका कागदावर कार्यक्रम लिहा: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन असेल तर तेही, अक्षता, रिसेप्शन. प्रत्येकापुढे कपडा कोण घेणार ते लिहा. आपल्याकडे बहुतेक घरांत शालू सासरकडून येतो आणि नवरदेवाचा पोशाख मुलीकडून जातो. मामाची साडी वेगळी. मामा हौसेने काहीतरी आणणारच आहे, तर त्याला रंग आणि पोत आधी सांगून ठेवायला संकोच कशाला? ‘मामा, मला काठपदराची घ्या, टिकल्यांची नको’ एवढं एक वाक्य पुरतं. शालू सासरचे घेणार असतील तर बस्त्याला स्वतः जाण्याचा आग्रह धरा. ‘आम्ही चांगलाच आणू’ म्हणणाऱ्या सासूबाईंचा हेतू चांगला असतो, पण त्यांना तुमच्या उंचीचा आणि रंगाचा अंदाज असेलच असं नाही.

हळदीला भारी कपडा नको. आपण हळदीच्या गावात राहतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती साडीवरही आपला गुण दाखवतेच. साधी पिवळी सुती साडी किंवा कुर्ता पुरे. डाग पडलाच तर साबण लावल्याबरोबर तो लालसर होतो; घाबरू नका, स्वच्छ धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात टाका, बराचसा उडतो.

आता खरा प्रश्न उरतो तो एका कपड्याचा. ज्याचे फोटो भिंतीवर लागणार आहेत, तो. तो एकच ठरवा आणि पैसे तिथे लावा. बहुतेक मुलींच्या बाबतीत तो रिसेप्शनचा लेहंगा असतो, काहींच्या बाबतीत अक्षतांची पैठणी किंवा नऊवारी. दोन्ही भारी हवेत असं म्हटलं की दोन्ही मध्यम होतात.

मानपानाच्या यादीचं काय करायचं? दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ‘फक्त जवळच्या बायकांना साडी, बाकीच्यांना ब्लाऊजपीस आणि ओटी’ असं ठरवलं तर पन्नासाच्या तीस सहज होतात. साड्यांचे १२,००० रुपये सुटले. हे बोलणं मुलीने नाही, आईने किंवा आत्याने काढावं. मुलीने काढलं तर भांडण होतं, आत्याने काढलं तर शहाणपण ठरतं.

डिझायनर म्हणजे कशाचे पैसे

सब्यसाची किंवा मनीष मल्होत्रा यांच्या लेहंग्याची किंमत लाखांत असते. त्यात कापड, महिनोन्‌महिने चाललेलं हातकाम, मापाचा कट आणि नाव, अशा चार गोष्टी असतात. नाव आपल्याला परवडणारं नाही, सोडून द्या. पूर्ण घेरावर हातकाम, तेही सोडा. कापड आणि कट मात्र सांगलीतही चांगला मिळतो, आणि फोटोत तोच दिसतो. महागड्या लेहंग्यांचे फोटो नीट बघितलेत तर लक्षात येईल की त्यात रंग कमी असतात, कापडाला वजन असतं आणि ब्लाऊज अंगाला अगदी चपखल बसलेला असतो. बाजारातल्या स्वस्त ‘डिझायनर’ मालात नेमकं उलटं: पाच रंग, चमचम सगळीकडे, खाली पातळ नेट आणि खांद्यावरून घसरणारा ब्लाऊज.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. कापड साधं पण जड पोताचं घ्या, काम एका जागी करून घ्या आणि उरलेले पैसे शिलाईत घाला.

कधी सुरुवात करायची

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की गणपती पेठेत पाय ठेवायला जागा नसते आणि शिंप्यांकडे तारखा नसतात. चातुर्मासात मुहूर्त नसल्यासारखेच. तेव्हा दुकानं मोकळी असतात, सेल लागलेले असतात, दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो आणि आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईने ब्लाऊजवर हातभरत करणाऱ्या बायकांचे हात रिकामे असतात. हिवाळ्यातल्या लग्नासाठी श्रावणात कापड घेणं हा स्वस्तात चांगलं मिळवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. एवढंच बघा की कारागिराचं घर नदीकडच्या सखल भागात असेल तर कपडा वरच्या मजल्यावर ठेवायला सांगायचा. २०१९ आणि २०२१ चे पूर अजून कुणी विसरलेलं नाही.

एप्रिल-मेच्या लग्नाला तीन-चार महिने आधी निघा. आणि त्या दिवसांत मखमल म्हणजे व्हेल्व्हेट घेऊ नका, कितीही आवडलं तरी. पंखे फिरणाऱ्या कार्यालयात दुपारच्या मुहूर्ताला मखमलीचा लेहंगा घालून तासभर स्टेजवर उभं राहणं ही शिक्षा आहे. उन्हाळ्यात जॉर्जेट, ऑर्गेंझा, हलकं सिल्क. मखमल आणि जाड रॉ सिल्क थंडीत.

कुठे काय घ्यावं

सांगलीत गणपती पेठ, कापड पेठ, मारुती रोड, हरभट रोड हा भाग पायी फिरण्याचा. बस्त्याची मोठी दुकानं, मॅचिंग सेंटर, लेस-लटकनवाले सगळे हाकेच्या अंतरावर. विश्रामबागेत बुटीक जास्त; तिथे नमुने बघा, अंगावर घालून बघा, शिलाईचे दर विचारा. मिरजेत राहत असाल तर आधी मिरजेची बाजारपेठ बघा, साधं कापड आणि अस्तर तिथेही मिळतं.

मानपानाच्या साड्या आणि सुरतेचा तयार माल मोठ्या संख्येने हवा असेल तर कोल्हापूरच्या अलीकडचं गांधीनगर. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवडे स्टेशनला उतरलं की जवळ. दुसऱ्या महायुद्धात इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वसली आणि कापडाची घाऊक पेठ उभी राहिली. तिथली बरीच दुकानं सेटमध्येच माल देतात, एक नग मागितला की मान हलवतात. म्हणून नवरीचा एकटा लेहंगा घ्यायला तिथे जाऊ नका. मानपान आणि करवल्यांच्या एकसारख्या साड्या घ्यायला जा. तिथे वाचलेले पैसे लेहंग्याला वळवा.

लेस, मणी, जरीच्या पट्ट्या यांची निवड सांगलीत जमली नाही तर पुण्याची रविवार पेठ. पण एकट्या लेससाठी पुण्याला जाणं परवडत नाही. कुणाचं तरी जाणं होत असेल तर नमुन्याचा तुकडा बरोबर द्या. फोटो नको, तुकडाच. फोनवर मरून रंग कधी चॉकलेटी दिसतो, कधी लाल.

मोठ्या घोळक्याने जाऊ नका. बस्त्याला दोन्हीकडची माणसं जाणारच, ती रीत आहे. पण नवरीचा मुख्य कपडा त्याच दिवशी, त्याच गर्दीत ठरवायचा नाही. आधी एखाद्या साध्या वारी सकाळी आई किंवा बहीण अशी एकच माणूस घेऊन जा, दोन-तीन नग पक्के करून ठेवा. बस्त्याच्या दिवशी त्यातला एक उचला. एकाच दुकानात पूर्ण बस्ता बांधणार असाल तर भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी, सगळी बेरीज झाल्यावर करा. सुरुवातीला एका साडीवर घासाघीस केली तर दुकानदार पुढच्या साड्यांवर भरून काढतो. पैसे कमी करायला तो तयार नसेल तर फॉल-पिको, एक-दोन जास्तीच्या साड्या किंवा नवरीच्या ब्लाऊजची शिलाई मागा. हे तो चटकन देतो.

तयार लेहंगा हातात आला की

दुकानदार लेहंगा गादीवर पसरतो, दिवे लावतो आणि म्हणतो, ‘ताई, एकच पीस आहे, डिझायनर आहे.’ तुम्ही काही बोलू नका. तो उचला आणि उलटा करा.

पहिलं अस्तर. हाताला खरखरीत, पातळ, आरपार दिसणारं अस्तर असेल तर तो घाईचा माल. अस्तर पूर्ण उंचीचं आहे की गुडघ्यापर्यंत येऊन थांबलंय तेही बघा. मग कॅनकॅन, म्हणजे फुगवटा देणारी कडक जाळी. ती थेट पायाला लागणार असेल तर तासाभरात पोटऱ्या लाल होतात. तिच्या आत आणखी एक अस्तर हवं.

दुसरं, शिवणीतली जागा, ज्याला आम्ही मार्जिन म्हणतो. कमरेच्या आणि ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत आतून किमान एक-दीड इंच कापड सोडलेलं हवं. लग्नाआधी वजन कमी होतं, वाढतं, काहीही होतं. माझ्याकडे एकदा असाच लेहंगा आला, बाहेरून देखणा, आत पाव इंचही मार्जिन नाही. छातीत एक इंच कमी पडत होता. त्याच रंगाचं कापड मिळालं नाही, शेवटी काखेखाली दुपट्ट्यातली पट्टी काढून लावली आणि तिने पूर्ण संध्याकाळ दुपट्टा त्या बाजूला धरून ठेवला.

तिसरं, काम. टिकल्यांवरून उलट्या दिशेने तळहात फिरवा. दोन-चार हातात आल्या तर लग्नाच्या रात्रीपर्यंत निम्म्या स्टेजवर असतील. मणी चिकटवलेले आहेत की शिवलेले, हे मागच्या बाजूने कळतं. मागे धागा दिसत नसेल तर डिंकाचं काम. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी वाईट नसते, फक्त तिला हातकाम म्हणून विकू देऊ नका. हातकामाच्या मागे गाठी आणि थोडा असमानपणा असतो, मशीनच्या कामामागे सगळं एकसारखं आणि बहुधा खाली कडक कागदी अस्तर.

चौथं, वजन. उचलून बघणं पुरेसं नाही, कमरेला बांधून दुकानातच दोन फेऱ्या मारा, एकदा खाली बसा, एकदा वाका. नमस्कार किती जणांना करायचाय ते आठवा. नाडी नुसती असेल तर जड लेहंगा कमरेवरून घसरत जातो. रुंद पट्टा आणि हूक असलेला घ्या किंवा तसा करून घ्या.

सुरतेचा बराच माल सेमी-स्टिच्ड असतो. लेहंगा एका बाजूने उघडा, ब्लाऊज नुसत्या कापडाच्या स्वरूपात. त्यात गैर काही नाही, उलट फिटिंग आपल्या हातात राहतं. फक्त ब्लाऊजपीस मोजून घ्या. तो ८० सेंटिमीटर असेल आणि तुम्हाला कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर बांधा भरलेला असणाऱ्या मुलीला कापड कमी पडतं. आणि शिलाईचा खर्च किमतीत धरायला विसरू नका.

एक कराची गोष्ट. साडी आणि मीटरवर मिळणारं कापड यांवर ५ टक्के जीएसटी आहे, किंमत कितीही असो. तयार कपड्याला मात्र सप्टेंबर २०२५ पासून एका नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. कराआधी १५,००० चा तयार लेहंगा घेतला तर २,७०० रुपये नुसता कर. कापड घेऊन शिवून घेण्याच्या बाजूने हे एक चांगलं कारण.

शिवून घ्यायचं ठरलं तर

लेहंग्याचे मुख्य प्रकार तीन: चुण्यांचा, कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या जोडून केलेला) आणि अंब्रेला (गोल कापलेला). चुण्यांचा कमरेला जाड दिसतो, पण कापड वाया जात नाही. अंब्रेलाचा घेर सात मीटरच्या आसपास जातो आणि गिरक्या घ्यायला छान, पण जड कापडात तो खाली लोंबतो. कळ्यांचा सगळ्यात सोयीचा. कंबर सपाट बसते, खाली घेर मिळतो आणि उंची कमी असलेली मुलगी त्यात उंच दिसते.

कापडाचा अंदाज असा: ४० इंच उंची, १२ कळ्या, प्रत्येक कळी खाली १४ इंच, तर घेर होतो १६८ इंच, म्हणजे सव्वाचार मीटरच्या थोडा वर. ४४ इंच पन्ह्याचं साधं कापड असेल तर कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा बसवून साडेतीन-चार मीटरमध्ये भागतं. पण कापडावर एकाच दिशेची नक्षी, काठ किंवा मखमलीसारखी लव असेल तर कळ्या उलट्या कापता येत नाहीत आणि जवळजवळ दीडपट, कधी त्याहून जास्त कापड लागतं. दुकानात ‘ताई, चार मीटर बास होतंय की’ असं सांगणारा माणूस हे विचारत नाही. म्हणून कापड घेण्याआधी शिवणारीला डिझाईन दाखवा, मापं द्या आणि किती मीटर ते तिच्याकडून लिहून घ्या.

रिसेप्शनच्या लेहंग्याचा एक हिशेब देते. सांगलीतले अंदाज आहेत, तुमच्याकडे थोडे खालीवर होतील. आर्ट रॉ सिल्क, म्हणजे रेशमासारखं दिसणारं कृत्रिम कापड, ३५० रुपये मीटरने ४ मीटर, १,४००. अस्तर आणि कॅनकॅन १,०००. काठ लावलेला नेटचा किंवा ऑर्गेंझाचा दुपट्टा १,२००. ब्लाऊजवर आरीचं हातकाम ४,०००. लेहंग्याच्या खालच्या घेराला मशीनकामाची पट्टी, २,५००. लेहंग्याची शिलाई २,०००, पॅडेड ब्लाऊजची १,२००. बेरीज १३,३००. वर १,७०० ऐनवेळच्या दुरुस्तीला बाजूला ठेवा. १५,००० रुपयांत जो कपडा होतो तो दुकानात त्याच किमतीच्या तयार लेहंग्यापेक्षा अंगावर कितीतरी चांगला बसतो.

यात सगळ्यात मोठा आकडा ब्लाऊजच्या कामाचा आहे, तो मुद्दाम. फोटो बहुतेक कमरेवरचे असतात. स्टेजवर बसलेल्या नवरीचा लेहंगा सोफ्याच्या कडेला गोळा झालेला असतो. दिसतो तो गळा, बाही आणि पाठ. आरीचं काम शिकलेल्या बायका आता सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्यातल्या काहींचा हात फार सुंदर आहे. काम देताना तीन गोष्टी पाळा. तिने आधी केलेला ब्लाऊज प्रत्यक्ष बघा, मोबाईलमधला फोटो तिचाच असेल असं नाही. कापड कापायच्या आधी चौकटीवर ताणून काम होतं, म्हणून शिवणारीने गळा-बाहीची आखणी आधी करून द्यायला हवी. आखणी एकीची आणि शिवण दुसरीची असेल तर दोघींची एकदा गाठ घालून द्या, नाहीतर बाहीवरची नक्षी शिवणीत जाते. आणि दोरा, मणी, जरकन कोण आणणार आणि त्याचे पैसे दरात धरलेत का, हे आधी बोला.

नक्षी सगळीकडे नको. दोन्ही बाह्या भरून किंवा पाठ भरून, दोन्हींतलं एक. बाकी ठिकाणी बारीक बुट्टी.

ब्लाऊज कशावर बसतो हे मुलींना कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. माप घेताना जी ब्रा लग्नात घालणार तीच घालून या. पॅडेड ब्लाऊज शिवणार असाल तर तसं आधीच सांगा, कारण टक्सची, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चिमट्यांची, जागा बदलते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, वर आणि नेमका हवा. तो खाली उतरला की हात वर केल्याबरोबर पूर्ण ब्लाऊज वर सरकतो, आणि वरमाला घालताना हात वर जाणारच आहे. मोठ्या गळ्याला खांद्याशी आतून छोट्या पट्ट्या आणि मागे दोरी लागते. प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) बहुतेकींना शोभतो, छाती भरलेली असेल तर कटोरी (वाटीसारखा वेगळा जोडलेला भाग) जास्त आधार देते. मागे चेन लावणार असाल तर आत पट्टी हवीच, नाहीतर त्वचा अडकते. पहिली ट्रायल काम झाल्यावर कच्च्या टाक्यांवर घ्या. शेवटची ट्रायल लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी, तीही दागिने, चप्पल आणि दुपट्टा पिनअप करून. चप्पल नसताना घेतलेली लेहंग्याची उंची काही उपयोगाची नसते.

शालू आणि पैठणी घेताना

इथे फसवणूक जास्त होते कारण कपडा एकदाच घेतला जातो. येवल्याची हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून बघा. मोर, मुनिया, वेल मागून पुढून जवळपास सारखेच स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या सेमी पैठणीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. सेमी पैठणी घेण्यात कमीपणा काही नाही. काही हजारांत येते आणि फोटोत छान दिसते. कमीपणा आहे तो सेमीला हातमागाचे पैसे मोजण्यात. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाने ही योजना २००४ मध्ये सुरू केली. हातमागासाठी २००६ पासूनचा वेगळा हँडलूम मार्क आहे. लेबल नसेल तर काठाच्या टोकाचे दोन धागे काढून जाळून बघता येतात. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. कागदासारखं जळलं तर रेयॉन. हे दुकानात करायला बरेचसे दुकानदार तयार होत नाहीत. एवढी मोठी रक्कम मोजताना नकार देणाऱ्याकडून उठून जायला काही हरकत नाही.

खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा असतो. टेस्टेड जरीत तांब्याची तार, आणि सगळ्यात स्वस्त जर प्लास्टिकच्या पातळ चकाकीची. मध्यम बजेटमध्ये टेस्टेड किंवा त्याखालचीच जर मिळणार. ती चालते, फक्त काळी पडू शकते हे गृहीत धरून पैसे द्या.

नऊवारी हवी असेल तर शिवलेली तयार नऊवारी घेण्याआधी ती पुन्हा नेसण्यासारखी राहते का ते बघा. कापून शिवली की नंतर तिचं दुसरं काही होत नाही.

आईचा शालू

पैसे कमी असतील आणि घरात आईचा जुना बनारसी किंवा काठपदराचा शालू असेल, तर माझं पहिलं मत तिकडेच जातं. आधी तो उजेडाकडे धरून घड्यांच्या रेषा तपासा आणि हलकासा ताण द्या. जुनं रेशीम घडीवर फाटतं. तिथे चरचर आवाज आला किंवा भेग पडली तर लेहंगा करू नका, फक्त काठ आणि पदर काढून नव्या कापडावर लावा.

शालू धडधाकट असेल तर कळ्या कापू नका. साडीचा साडेपाच मीटरचा घेर तसाच ठेवून कमरेला बारीक चुण्या घाला, काठ खाली आपोआप येतो. उंचीला जास्त असलेला भाग न कापता कमरेजवळ आत दुमडा. अस्तर आणि कॅनकॅन वेगळं शिवून आतून टाका. लग्न झाल्यावर टाके उसवले की साडी जशीच्या तशी. आईचा जीव कापण्याच्या नुसत्या कल्पनेने वरखाली होत असतो. ‘कापणार नाही’ म्हटल्यावर कपाट लगेच उघडतं.

भाड्याचा लेहंगा, फर्स्ट कॉपी, ऑनलाईन

एकदाच घालायचा भारी लेहंगा भाड्याने घेणं हा शहाणा मार्ग आहे. मात्र घेताना कपड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि असलेले डाग, फाटलेल्या जागा पावतीवर लिहून घ्या, म्हणजे डिपॉझिट परत मिळताना वाद होत नाही. तुमच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो दुसऱ्या कुणाकडे नाही ना, हे विचारा. फिटिंग करून देतात का, ड्रायक्लीन कोणी करायचं, उशीर झाला तर किती, हेही.

फर्स्ट कॉपी म्हणजे मोठ्या डिझायनरच्या लेहंग्याची नक्कल. लांबून बरी दिसते, जवळून अस्तर आणि टिकल्या सगळं सांगून टाकतात. त्यापेक्षा त्या फोटोतला रंगमेळ उचला आणि आपल्या कापडात करून घ्या.

ऑनलाईन लेहंगा मागवू नका असं म्हणत नाही, पण परत घेण्याची मुदत संपायच्या आत पार्सल उघडा, घालून बघा आणि उघडताना व्हिडीओ काढा. दुपट्टे, कमरपट्टे, लटकन, नकली दागिने यांसाठी ऑनलाईन उत्तम.

बिल

पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात आणि तक्रारीचा आधार जातो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सगळीकडे असते. रंग आवडला नाही म्हणून ती पाटी तुम्ही ओलांडू शकत नाही, पण माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. बहुतेक वेळा दुकानात शांतपणे एवढं सांगितलं तरी काम होतं. बिलावर कापडाचा प्रकार लिहून घ्या: ‘प्युअर सिल्क’ म्हणून विकलं असेल तर तेच शब्द बिलावर हवेत, नुसतं ‘साडी १ नग’ नको.

लग्नाच्या दिवशी आणि नंतर

एका डब्यात सुई, त्याच रंगाचा दोरा, सेफ्टी पिना, दोन जास्तीचे हूक, छोटी कात्री आणि टाल्कम पावडर ठेवा. तो डबा करवलीकडे द्या, आईकडे नको. आई पाहुण्यांत असते. अत्तर कपडे घालण्याआधी लावा, जरीवर मारू नका.

कार्यक्रम संपला की कपडा लगेच पेटीत कोंबू नका. रात्रभर पंख्याखाली मोकळा टाका, मग ड्रायक्लीनला. जेवणाचा डाग कुठे पडला तिथे दोऱ्याने खूण करून द्या. परत आल्यावर प्लास्टिकची पिशवी काढून जुन्या, धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. लेहंगा पुन्हा घालायचा नसेल तर वर्षभर वाट बघू नका; त्याच हंगामात, नवा दिसतोय तोवर, भाड्याच्या दुकानात किंवा ओळखीतल्या मुलीला देऊन टाका. ब्लाऊज मात्र स्वतःकडे ठेवा. त्यावर साधी काठपदराची साडी नेसली की पुढच्या दोन-तीन लग्नांची सोय होते.